पंख्याच्या पोटातला खिळा

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. हा हंगाम म्हणजे हनुमंतच्या जिवाला घोर. गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ आली की साऱ्या तालुक्याच्या मोटरी ठरवल्यासारख्या बिघडतात, आणि मग किकवीला हायवेच्या कडेला त्याच्या पत्र्याच्या दुकानापुढं टेम्पोंची रांग लागते. साठीला टेकलेला गडी, पण कान असा तयार की लांबून येणारं इंजिन नुसतं ऐकलं तरी आत काय झिजलंय ते सांगायचा. बोलायला मात्र महाकंजूष. गिऱ्हाइकानं चार प्रश्न विचारले तर एकाचं उत्तर द्यायचा, तेही मान हलवून.

त्या गुरुवारी दुपारी फोन आला तो खुरवडीच्या सगुणाबाईंचा. भाटघर धरणाचं पाणी जिथं डोंगराच्या बेचक्यात शिरतं, तिथली ही वीस-बावीस उंबऱ्यांची वाडी.

"भाऊजी, ह्यांची होडीची मोटर माळ्यावरनं काढायची हाय. चालू करून द्या."

हनुमंतनं हातातला पाना खाली ठेवला.

"ऐकताय न्हवं?"

"वहिनी, चोवीस वर्सं झाली तिला. आता ती भंगाराची धन."

"असू द्या. सुली मला पुण्याला न्यायला आलीया. गुडघं गेलं, डोळ्यांनी धड दिसत न्हाई, एकलीनं किती दिस काढायचं? आयतवारी निघायचं ठरलंय. त्याच्या आत एक डाव ती पान्यावर फिरली पायजे. तुमच्याबिगर दुसऱ्या कुनाला म्या हात लावू द्यायची न्हाई."

'ह्यांची' म्हणजे मानसिंगची. नवऱ्याचं नाव सगुणाबाईंनी तो होता तेव्हाही कधी घेतलं नव्हतं. मानसिंग हा खुरवडीचा होडीवाला आणि हनुमंतचा जिवाचा दोस्त. त्या काळी धरणाला वळसा घालून जाणारा रस्ता नव्हता. पल्याडच्या गावाला जायचं तर होडीच. पल्याडच्या काठावर माणूस उभं राहून हाक मारायचं, आणि अल्याडून मानसिंग "आलोऽ" म्हणून निघायचा. हाक आली की जायचं, हा त्याचा नेम. जेवत असला तरी हात धुऊन उठायचा.

आणि चोवीस वर्षांमागं, अशाच दिवसांत, धरणाचं पाणी नुकतंच उतरायला लागलेलं असताना, दिवेलागणीला पल्याडून हाक आली ती त्याच्याच आठ वर्षांच्या लेकीची. सुलक्षणा मावशीकडं राहायला गेली होती. तिथं करमेना, तेव्हा रुसून काठावर आली आणि "आबाऽ, आबाऽ" करत बसली. मानसिंग निघाला. मध्ये पाण्याखाली जुन्या गावाची जोती आहेत, धरणात बुडालेली. पाणी आणखी थोडं उतरलं की ती उघडी पडतात. त्यातल्या एका जोत्याला मोटर आपटली, मानसिंग होडीतून फेकला गेला आणि डोकं दगडावर आदळलं. तिसऱ्या दिवशी सापडला. पोर पार अंधार होईस्तोवर हाका मारत होती. मावशीनं उचलून नेली तेव्हा घसा बसून तिला बोलता येत नव्हतं.

मी हाक मारली म्हणून आबा गेले. हे एवढं एक वाक्य त्या पोरीनं उरात धरलं ते धरलंच. शिकली, पुण्यात बँकेत लागली, लग्न झालं, पण खुरवडीला आली तर दुपारच्या एसटीनं परत. संध्याकाळ तिनं त्या काठावर कधी काढली नाही. पाण्याकडं पाठ करून जेवायची बिचारी.

आणि हनुमंतला खरं काय ते माहीत होतं. चोवीस वर्षं माहीत होतं, आणि चोवीस वर्षं तो तोंड शिवून बसला होता.

*

शुक्रवारी सकाळी हत्यारांची पिशवी गाडीला अडकवून तो खुरवडीला पोचला. सुलक्षणा दारातच होती. या वेळी चांगली चार दिवस राहिली होती, आईचं बोचकं बांधायला. चेहरा ओढलेला.

"काका, आईनं हट्टच धरलाय बघा. म्हटलं मोटर चालू करून काय करणार? तर बोलतच नाही."

"बघू," हनुमंत म्हणाला.

माळ्यावर त्यानं स्वतःच ठेवली होती ती, पोत्यात गुंडाळून. मानसिंगचा दहावा झाला त्या दिवशी. शिडी लावून तो वर चढला, पोत्याला हात घातला आणि थबकला. पोतं खालच्या अंगाला ओलं होतं.

"वहिनी, माळा गळतो का पावसात?"

"न्हाई बा. औंदाच पत्रं घातल्यात नवं."

त्यानं हात पँटीला पुसला आणि मोटर खाली उतरवली. अंगणात पोतं सोडलं. इंग्रजाच्या वेळची वाटावी अशी जुनी मोटर. नावाची पाटी घासून गेलेली, हिरवा रंग उडालेला. मानसिंगनं ती पुण्याच्या एका बंगलेवाल्याकडून जुनीच आणली होती. वर डोकं, खाली लांब दांडा, दांड्याच्या टोकाला तीन पात्यांचा पितळी पंखा. होडीच्या मागं अडकवायची, दोरी ओढायची, की पंखा पाणी कापत निघाला.

पंखा दिसला तशी हनुमंतनं मान फिरवली.

आता सांगतोच. हा पंखा दांड्यावर बसतो तो एका पिनेच्या जोरावर. करंगळीएवढी पितळी पिन. पितळ मऊ असतं, आणि ते मऊच असावं लागतं. पंखा दगडाला आपटला की पिन तुटते, मोटर नुसती जागच्या जागी फिरत राहते आणि होडीला धक्का बसत नाही. तुटावी म्हणूनच ती पिन केलेली असते. चोवीस वर्षांमागं दसऱ्याला मानसिंगची पिन तुटली. पितळी सळई हनुमंतकडं नव्हती, ती पुण्याहून आणावी लागायची. मग यानं काय करावं? पोलादी खिळा घेतला, मापात कापला आणि ठोकून बसवला. वर ऐटीत म्हणाला, "आता तुझ्या बापाच्यानं तुटायची न्हाई." मानसिंग हसला होता. पितळी पिन आठ दिवसांत आणतो असं ठरलं, आणि कामाच्या रगाड्यात हनुमंत विसरला. दिवाळी आली. गेली. आणि मग ती संध्याकाळ. पंखा जोत्याला आपटला, पिन तुटायला हवी होती, ती तुटली नाही.

हे फक्त दोघांना ठाऊक होतं. त्यातला एक बोलायला राहिला नाही, आणि दुसऱ्याची जीभ उचलली नाही. दर दिवाळीला सगुणाबाईंना लुगडं घेऊन यायचा, सुलक्षणाच्या लग्नात मामाच्या जागी उभा राहिला, पण तेवढं एक सांगायचं म्हटलं की गाडीला किक मारून निघायचा. भेकड होता का? होय, होता. उगाच कशाला झाकायचं?

या वेळी मात्र येतानाच त्यानं मनाशी बांधलं होतं. पंखा सुलक्षणाच्या देखत खोलायचा. खिळा काढून तिच्या तळहातावर ठेवायचा. म्हणायचं, पोरी, ह्यानं मारलं तुझ्या आबाला, तुझ्या हाकेनं न्हाई. मग तिनं शिव्या दिल्या तरी चालतील.

पण मन बघा कसं असतं. पंखा सोडून बाकी सगळं काम त्यानं आधी काढलं.

*

चोवीस वर्षं बंद पडलेलं इंजिन धरलेलं असतं. आतला पिष्टन गंजून चिकटतो, हलता हलत नाही. हनुमंतनं प्लग काढला, भोकातून रॉकेल आणि ऑइल सोडलं. रात्रभर मुरू देऊ आणि उद्या हलकेच ठोकून बघू, असा त्याचा हिशोब. सहज म्हणून वरचं चाक हातानं फिरवलं, तर ते फिरलं. अलगद. कालच कुणी चालवून ठेवल्यासारखं.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढलं. तळाशी वाळलेल्या पेट्रोलचा काकवीसारखा चिकटा असायला हवा होता. टाकीत दोन बोटं पेट्रोल होतं, आणि त्याचा वास ताजा होता.

"सुलू, हिच्यात कुनी पेट्रोल घातलं का गं?"

"कोण घालणार काका? शिडीवर चढणारं आहे कोण या घरात?"

हनुमंतनं झाकण परत लावलं. कार्बोरेटर उघडला, बारीक भोकं तारेनं साफ केली. पाणी खेचणारं रबर मात्र खरंच वाळून कुरकुरीत झालं होतं. ते बघून त्याला उलट बरं वाटलं. जुन्या वस्तूनं जुन्यासारखं वागावं एवढीच माणसाची अपेक्षा असते. विहिरीच्या पंपाचं रबर कापून त्यानं तिथं बसवलं.

ऊन उतरलं. सुलक्षणा घरात गेली, खिडक्या लावून घेतल्या, मोबाईलवर गाणी लावली मोठ्यानं. रोज या वेळेला ती असंच करत असणार हे हनुमंतच्या ध्यानात आलं. सगुणाबाई काठी टेकत अंगणात आल्या आणि पाण्याकडं तोंड करून बसल्या. पाण्यावर धुकं धरायला लागलं होतं. पल्याडचा काठ पुसट झाला.

"भाऊजी, तुमाला म्हनून सांगते. पोरीला कळू देऊ नका."

"बोला."

"पल्याडनं हाक येती. रोजच्याला. ह्याच येळेला."

हनुमंतचा पाना हातातच राहिला. "कुनाची?"

"सुलीची," सगुणाबाई अगदी हळू म्हणाल्या. "आत्ताच्या न्हाई. ल्हान हुती तवाच्या. सुली पुण्यात असती, आन् हाक पल्याडनं येती... आबाऽ म्हनून. चोवीस वर्सं ऐकतीया. म्या म्हातारी काय करू? होडी न्हाई, मोटर माळ्यावर बंद. नुसतं हितं बसून म्हनते, गप बाळा, येतील हां, येतील." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "आता म्या बी चालले. मग तिला एवढं बी म्हनायला कोन ऱ्हायलं? कुनीतरी जायला पायजे न्यायला, भाऊजी. ल्हान हाय वो ती."

हनुमंतनं पाण्याकडं कान लावला. बगळ्यांचा कालवा, घरातून येणारं गाणं, एवढंच. वय झालं की कानात आवाज होतात, त्यानं स्वतःला समजावलं. पण हत्यारं मात्र भराभर आवरली, आणि मुक्कामाला गेनबाकडं गेला. हा गेनबा वाडीत मासे धरायचा. त्याची पत्र्याची होडी उद्यासाठी मागून ठेवायची होती.

*

शनिवारी दुपारी बाकी काहीच उरलं नाही तेव्हा हनुमंतनं सुलक्षणाला हाक मारली.

"जरा हितं बस, सुलू. तुला काय दावायचंय."

ती पायरीवर टेकली. त्यानं पंख्याचं टोपण सोडवलं. आयुष्यभर पाने फिरवलेले हात, पण दोनदा पाना निसटला. टोपण निघालं. पंख्याला हिसका दिला, तो पुढं सरकला, आणि दांड्याच्या भोकातली पिन उघडी पडली.

पितळी होती.

पिवळीधमक. कानशीचे ओरखडे अजून ताजे. चोवीस वर्षांचं पितळ हिरवं पडतं, काळं पडतं. हे आत्ता घासून बसवल्यासारखं चमकत होतं. हनुमंतनं ती बाहेर काढली, भोकात बोट घालून पाहिलं, पंख्याच्या पोटात पाहिलं, खाली मातीत पाहिलं. खिळा नव्हता.

"काय झालं काका?"

त्यानं पिन बोटांत फिरवून पुन्हा पाहिली. क्षणभर, खरं सांगायचं तर, त्याला सुटल्यासारखंही वाटलं. पुरावाच नाही. गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण समोर ती पोरगी पाण्याकडं पाठ करून बसली होती. तिच्या त्या पाठीकडं बघून त्याला आता स्वतःचीच शिसारी आली.

"सुलू, हितं म्या खिळा घातला हुता," तो बोलायला लागला, आणि एकदा सुरू झाल्यावर सगळं बोलला. दसरा, सळई, ऐट, विसरणं. "तुझ्या हाकेनं काय बी झालं न्हाई, पोरी. शंभर डाव हाका मारल्या असत्यास तरी तो हसत आला असता. म्या मारलं त्याला. माझ्या खिळ्यानं."

सुलक्षणानं त्याच्या तळहातावरची पिन पाहिली. मग त्याच्याकडं पाहिलं. तिचे डोळे भरून आले, आणि हनुमंतला वाटलं, कळलं हिला.

"काका," ती म्हणाली, "ही तर पितळीच आहे."

"आत्ता हाय! तवा..."

"माझं मन राखायला तुम्ही एवढं सगळं स्वतःच्या अंगावर घेताय. आबा गेल्यापासून तुम्हीच तर केलंत आमचं सगळं." तिनं पदर डोळ्यांना लावला. "पण नका हो असं बोलू. मला माहितीय कुणामुळं झालं ते."

हनुमंत आई-बापाची शपथ घेऊन सांगत राहिला. ती नुसती मान हलवत राहिली, मायेनं. गप्प बसून चोवीस वर्षं निभलं, आणि खरं बोलल्यावर कुणी विश्वास ठेवीना.

*

पिंपात पाणी भरून मोटर लावली. दुसऱ्या ओढीला चालू झाली. आधी दोन दणके, मग अडखळत तिसरा, मग तो सलग फटफटाट. धुराचा निळा लोट अंगणात पसरला. हा आवाज हनुमंतला पाठ होता. तरणेपणी तो याच आवाजावरून मानसिंग कुठवर आलाय ते ओळखायचा. त्याला भडभडून आलं. सगुणाबाई भिंतीला धरून उभ्या होत्या, तोंडात पदराचा बोळा.

"आता जावा," त्या म्हणाल्या. "दोगं बी जावा. पल्याड जाऊन या."

"मी नाही येणार आई," सुलक्षणा एकदम मागं सरकली. "मला नाही जमायचं ते."

"तू गेल्याबिगर जमायचंच न्हाई, बाई. माझ्यासाठनं. पुन्यांदा काय बी मागनार न्हाई म्या."

आईनं असं म्हटल्यावर लेक काय करणार? साडेपाचच्या सुमाराला गेनबाच्या होडीला मोटर लागली. सुलक्षणा पुढं बसली, दोन्ही कडा घट्ट धरून, डोळे मिटून. हनुमंत मागं, दांडा हातात. सगुणाबाई काठावर दगडावर बसल्या. होडी निघाली.

धुकं आज लवकर उतरलं होतं. पन्नास हात गेल्यावर काठ दिसेना. पाण्याला वास येत होता, बुडालेल्या लाकडाचा, चिखलाचा. पुढं सुलक्षणाची पाठ आणि भोवती सगळं राखी. हनुमंतला जोत्यांची जागा माहीत होती. त्यानं लांबून वळसा घेतला. निम्मं पाणी मागं पडलं असेल नसेल.

"काका..." सुलक्षणा म्हणाली. "बंद करा."

"का गं?"

"बंद करा ना... ऐका."

त्यानं मोटर बंद केली. एकदम शांत झालं. होडीला चुबुक चुबुक पाणी लागत होतं. आणि मग समोरून, पल्याडच्या काठावरून, धुक्यातून आली ती हाक.

"आबाऽऽ..."

बारीक आवाज. लहान पोरीचा. रडून रडून चिरकलेला.

सुलक्षणा वळली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण नवल असं की त्यात भीती कमी होती आणि ओळख जास्त.

"मी आहे ती," ती कुजबुजली. "काका... तो माझा आवाज आहे."

"आबाऽऽ... याऽऽ..."

"नको गं," सुलक्षणा होडीत उठून उभी राहिली, समोर हात केला. "नको मारू हाक! गप बस! मावशीकडं जा, बाळा, जा घरी... आबांना बोलवू नको गं..." ती ओरडत होती आणि ढसाढसा रडत होती. पण पल्याडच्या पोरीला काही ऐकू जात नसावं. हाक पुन्हा आली. पुन्हा आली.

आणि मग मागून, घराच्या काठाकडून, दोन दणके ऐकू आले. अडखळत तिसरा. मग सलग फटफटाट.

हनुमंतनं आपल्या मोटरीवर हात ठेवला. ती बंद होती. तापलेली, पण बंद. आणि तिचाच आवाज, अगदी तिचाच, मागून पाण्यावरून येत होता.

"आलोऽ," मागून कुणीतरी ओ दिली.

आवाज जवळ आला. धुकं हललं नाही, काही दिसलं नाही. पेट्रोलचा वास आला, विडीचा आला. मग डाव्या अंगानं, हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावरून, तो फटफटाट जायला लागला, आणि त्याच्या लाटेनं यांची होडी हिंदकळली. सुलक्षणा खाली बसली. हनुमंत होडीच्या कडेला धरून अर्धा बाहेर वाकला.

"मानसिंग!" तो जिवाच्या आकांतानं ओरडला. "आरं थांब! पंख्यात खिळा हाय! म्या खिळा घातलाय रं... पुढं जोतं हाय... थांब!"

आवाज थांबला नाही. पण जाता जाता, नेहमीसारखं, हसल्यासारखं कुणीतरी बोललं.

"बदललीया रं पिन, हनम्या. कवाच."

मग तो आवाज जोत्यांच्या अंगाला गेला. हनुमंतनं डोळे घट्ट मिटले. 'कट्' असा बारीक आवाज आला, पिन तुटल्याचा. मोटर नुसतीच भिरभिरली, बंद पडली. मग वल्ह्याचे सपके, निवांत, एकामागून एक. पल्याडच्या काठाला होडी घासली. हाका थांबल्या.

"लई येळ लावला आबा," लहान पोर म्हणाली, रुसून. एवढंच. मग वल्ही परत फिरली, आणि बोलण्याचा आवाज पाण्यावरून हळूहळू लांब गेला. काय बोलत होती दोघं ते कळलं नाही. एकदा ती पोर हसली.

हनुमंतला रडू आवरेना. सुलक्षणा मात्र आता रडत नव्हती. हात मांडीवर ठेवून शांत बसली होती, झोपेतून नुकती उठल्यासारखी.

काठाला आले तेव्हा सगुणाबाई दगडावरून उठल्या होत्या. त्यांनी लेकीला चाचपलं, गालावरून हात फिरवला.

"आली दोगं बापलेक," त्या हनुमंतला म्हणाल्या. "माझ्या म्होरनंच गेली. बोललीबी न्हाईत."

"कुठं गेली?"

त्या लेकीचा हात धरून घराकडं वळल्या. त्या रात्री सुलक्षणा खिडक्या उघड्या टाकून झोपली. पाण्याकडं तोंड करून.

*

रविवारी दुपारी हनुमंत दुकानात होता. एक भाड्याची गाडी हायवेच्या कडेला थांबली. मागं सगुणाबाई, त्यांची बोचकी. पुढून सुलक्षणा उतरली. चेहरा टवटवीत. हनुमंतनं तिला असं मोकळं कधी बघितलंच नव्हतं, आणि त्याच्या मनात आलं, चला, पोर सुटली. त्याचा जीव भांड्यात पडला. तो सगुणाबाईंच्या खिडकीशी गेला.

"बरं वाटलं वहिनी. हसतीया."

सगुणाबाईंनी त्याचं मनगट धरलं. त्यांचा हात गार होता.

"तिला ते आठवत न्हाईत, भाऊजी," त्या अगदी दबक्या आवाजात म्हणाल्या. "रातीपासनं. आबाचं नाव काढलं तर म्हनती, कोन आबा? पान्याची भीती गेली. रडनं गेलं. आन् ते बी गेलं. आठवनारी पोर न्हेली त्यांनी संगं."

तेवढ्यात सुलक्षणा आली, हातात एक जुना फोटो.

"काका, आईच्या ट्रंकेत सापडला बघा. हे तुम्ही ना? किती बारीक होतात! आणि हे शेजारचे कोण?"

हा फोटो त्याला चांगला आठवत होता. मोटर आणली त्या वर्षी भोरच्या फोटोवाल्याला काठावर बोलावून काढलेला. मोटर मधे उभी, एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मानसिंग. सुलक्षणाच्या जन्माला तेव्हा दोन वर्षं अवकाश होता.

फोटोत आता तिघं होती. मानसिंगचं बोट धरून आठ वर्षांची एक पोर उभी होती. फ्रॉक ओलाकच्च, पायाखाली पाण्याचं थारोळं. ती हसत होती.

सगुणाबाईंची बोटं त्याच्या मनगटात रुतली. नका सांगू, असं ती बोटं म्हणत होती. चोवीस वर्षं गप्प राहून त्यानं या पोरीला जाळलं होतं, आणि आता तिच्या भल्यासाठी त्याला पुन्हा गप्पच राहायचं होतं.

"माझा दोस्त हुता," हनुमंत म्हणाला.

"आणि ही मुलगी?"

"त्याची लेक."

"गोड आहे किती!" सुलक्षणानं फोटो उन्हात धरून जवळून पाहिला, आणि हसून विचारलं, "कुठं असते ती आता?"